काकूंच्या वाटचा पाळणा

काका कोणतंही काम दोनदा करत. एकदा खोटं, एकदा खरं. आमच्या कात्रपच्या बिल्डिंगचा गणपती विसर्जनाला निघायच्या आदल्या दिवशी ते आम्हा बिल्डिंगमधल्या चौघा पोरांना रिकामा पाट उचलायला लावत आणि घड्याळ लावून मागून चालत. रस्त्यातले लोक आधी हात जोडत, मग पाटावर काहीच नाही हे बघून आमच्या तोंडाकडे बघत.

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी तीस वर्षं काढली होती. "ट्रायल घेतल्याशिवाय बॅच लावायची नाही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आम्ही पाठीमागे त्यांना ट्रायलकाका म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही असावं.

मग काकूंच्या किडन्या गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार उल्हासनगरला डायलिसिस. रविवारी पुन्हा अंगावर सूज चढायची. आठवड्यातला धड दिवस म्हणजे शनिवार. काकूंनी जन्मात कधी काही मागितलं नव्हतं. काकांच्या शिफ्टपुढे ते राहूनच गेलं. आता एकदम म्हणाल्या, "अहो, खोपोलीकडे ती पार्कं झालीत ना, मला एकदा तिथल्या मोठ्या पाळण्यात बसायचंय. बर्फ बघायचाय. आणि ते लाटांचं पाणी, नुसते पाय बुडवायला." डॉक्टर म्हणाले, न्यायचं तर लवकर न्या.

तीन पार्कं आणि हाताशी एक शनिवार. काकांनी ग्राफपेपर काढून मिनिटामिनिटाचं वेळापत्रक आखलं. गाडी माझी होती, म्हणून मीही त्या कागदावर आलो.

पहिल्या शनिवारी सकाळी गाडी घेऊन गेलो, तर काकू मोरपंखी साडी नेसून दारात उभ्या. काका चप्पल घालत म्हणाले, "तू कुठे? आज ट्रायल आहे."

काकू हसल्या. म्हणाल्या, "अहो, ट्रायललाच मी आले तर?"

"तुला उन्हात, रांगेत ताटकळत ठेवू? चुका होतील त्या माझ्यावर होऊ देत."

हे त्यांनी इतक्या मायेनं म्हटलं, की मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. पाळण्यात काकूंच्या जागी त्यांनी मला बसवलं आणि स्वतः खाली उभे राहून मिनिटं मोजली. बर्फाच्या पार्कात दुपारी रांग फार लागते, हे त्या दिवशी कळलं. दुसऱ्या शनिवारी बर्फ आधी घेतला, तर लाटांच्या पाण्याला उशीर झाला. तिसऱ्या शनिवारी सगळं जमलं. परत येताना कर्जतला चहा पिताना काका म्हणाले, "विनू, ट्रायल पास. पुढच्या शनिवारी बॅच लावायची."

प्रत्येक वेळी घरी आलो की काकू मला विचारायच्या, "वरून काय दिसलं रे?" मी वर्णन करून सांगायचो. त्या लहान मुलीसारख्या ऐकायच्या. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी अर्ध्यातच थांबवलं. "पुरे. थोडं मला बघायला ठेव."

बुधवारी डायलिसिस चालू असतानाच त्यांचं बीपी उतरलं, ते वर आलंच नाही. शनिवारी आम्ही घरात बसून होतो. ग्राफपेपर फ्रीजवर तसाच चिकटवलेला होता.

काकांचा मला राग आला होता, आणि आजही येतो. पण त्याहून जास्त माझाच येतो. काकूंच्या वाटचे तीन शनिवार मी पाळण्यात बसून आलो, आणि एकदाही म्हणालो नाही, की काका, त्यांना घेऊन चला, रांग लागली तर लागली.

तेराव्यानंतर काकांनी मला बोलावलं. मुलीकडे नाशिकला निघाले होते, सामान बांधून झालं होतं. मला समोर बसवलं. मग म्हणाले, "विनू, तू तीनदा बसलास. तिला वरून काय दिसलं असतं?"

"डोंगर," मी म्हणालो. "हायवेवरच्या गाड्या. आणि खाली तुम्ही."

"मी दिसत होतो?"

"हो. घड्याळ बघत उभे होतात."

काकांनी मान हलवली. "तिन्ही वेळा मी वर बघितलंच नाही रे," ते म्हणाले.