मावशींनी परत लिहायला लावलेली गोष्ट

कर्णबधिर मुलांच्या त्या शाळेत तोंडावर तिला सगळे बाई म्हणत आणि पाठ वळली की काना-मात्रा. तिचा दोष एवढाच, की तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासल्यामुळे फळ्यावरची सूचनासुद्धा दुरुस्त केल्याशिवाय तिचा पाय पुढे पडत नसे. छापखाना बंद पडला तेव्हा शाळेने तिला कार्यालयात ठेवून घेतलं. हजेरीपट, दाखले आणि वर्षातून एकदा देणगीदारांना जाणारं पत्र, ही तिची कामं. पत्रात दरवर्षी एकाच माणसाची गोष्ट असे, शाळेला काहीतरी देणाऱ्या माणसाची.

तिचा एक नियम होता. ज्याची गोष्ट, त्याला ती छापण्याआधी वाचून दाखवायची. त्यापायी तिचं संचालकांशी दरवर्षी वाजायचं, कारण वेळ जायचा. पण बाई हटली नाही.

त्या वर्षीचं पत्र नेहमीसारखं नव्हतं. तान्ह्या मुलांचे कान तपासणारं यंत्र शाळेला घ्यायचं होतं. बहुतेक मुलं शाळेत यायची ती सातव्या-आठव्या वर्षी, बोलणं शिकण्याचं वय हातचं गेल्यावर. दर जूनमध्ये तशा मुलांचे दाखले लिहिताना बाई वयाचा रकाना सगळ्यात शेवटी भरायची.

गोष्टीसाठी तिने मावशींना धरलं. मावशी शाळेमागच्या गल्लीत इस्त्री करायच्या. दर शनिवारी शाळेत येऊन वसतिगृहातल्या सगळ्या मुलांच्या गणवेशांना फुकट इस्त्री करून द्यायच्या, अकरा वर्षं, एकही शनिवार न चुकवता. सदऱ्याच्या छातीवर श्रवणयंत्राचा खिसा असतो. त्यावर त्या दोनदा इस्त्री फिरवत. चुणी यंत्राला घासली की पोराच्या कानात खरखर होते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एका मुलाचं वाकडं झालेलं तोंड पाहून त्यांचं त्यांनीच ओळखलं होतं.

"एवढं का करता, मावशी?" बाईने विचारलं.

मावशींनी इस्त्री उभी ठेवली.

"माझी थोरली. हाक मारली की ढिम्म. मला वाटायचं, माजलीय. मारायचे मी तिला, बाई. हाताला येईल त्याने. नऊ वर्षांची झाली तेव्हा कळलं, तिला ऐकूच येत नाही. आता तिला दोन मुलं आहेत. सुट्टीला येते, गोड राहते. पण मी फळीवरचा डबा काढायला हात वर केला तरी मान खाली घालते. अजून."

बाईने दोन दिवस खपून गोष्ट लिहिली. मावशींवर तिचा जीव होता. त्यांना कुणी नावं ठेवावीत, हे तिला सोसवणारं नव्हतं. म्हणून तिने मार तेवढा गाळला. राहिली ती मुलीसाठी झुरलेली आई, आणि खिशावरून दोनदा फिरणारी इस्त्री. संचालकांनी वाचून चष्मा पुसला. "यंत्र आलंच समजा," म्हणाले.

शनिवारी तिने मावशींना गोष्ट वाचून दाखवली. मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"छान आहे. पण ही बाई कोण?"

"तुम्हीच की."

"मी कसली! हिने कुठे मारलंय?"

"मावशी, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. अहो, आत्ता या घडीला माझ्यासारखी एखादी पोरीला बडवत असेल. तिला ही देवमाणूस काय कामाची? म्हणेल, आपण काही अशा नाही बुवा, आणि देईल कागद टाकून."

"लेकीला विचारलंत?"

"तुम्ही गोष्ट मागितलीत तेव्हाच विचारलं. तिने हातांनी सांगितलं, लिहू दे."

बाईला आपलीच लाज वाटली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका धरल्या, आणि इथे स्वतःच एका बाईच्या तोंडचं वाक्य खाऊन बसली होती. तिने गोष्ट परत लिहिली. डबा, फळी, खाली गेलेली मान, सगळं आलं.

संचालकांनी कपाळाला हात लावला. "देणगीदार बिथरतील हो! यंत्र राहील बाजूला."

"मग पहिल्या पत्रावरची सही मावशींसमोर बसून करा," बाई म्हणाली, "आणि त्यांना सांगा, की तुमची गोष्ट आम्हाला नको, दुसरीच कुणाची तरी हवी."

त्यांनी जागेवरच नव्या पत्रावर सही केली. माणूस वाईट नव्हता, फक्त धास्तावलेला होता.

आणि भीती अगदीच खोटी ठरली नाही. देणग्या त्या वर्षी कमीच आल्या. एका जुन्या देणगीदाराने लिहिलं, असल्या बाईच्या हाती मुलांचे कपडे देताच कसे? नियम तो नियम, म्हणून बाईने तेही मावशींना वाचून दाखवलं. मावशी म्हणाल्या, "त्यांचं काही चुकलं नाही," आणि पुढचा सदरा घेतला. पुढे कितीतरी दिवस बाईला घास गोड लागला नाही. यंत्रही गेलं आणि मावशींची अब्रूही, असंच तिला वाटत राहिलं.

दोन महिन्यांनी, एका शनिवारी, कार्यालयाच्या दारात एक तरुण बाई आली. एका हाताला धरलेली चार वर्षांची मुलगी, दुसऱ्या हातात घड्या पडलेलं शाळेचं पत्र.

"मी काही द्यायला नाही आले," ती आधीच म्हणाली. "जिथे कामाला जाते तिथे हे पडलं होतं. हिला... हिला ऐकू येतं का, बघाल? हाक मारली की येत नाही."

नवं यंत्र नव्हतं, पण चार वर्षांच्या मुलीला शाळेतलं मोठ्या मुलांसाठीचं जुनंही चालणार होतं. "बघू की. बसा," म्हणत बाईने नोंदवही काढायला वरच्या फळीकडे हात नेला.

मुलीने मान खाली घातली.

बाईचा हात तिथेच थांबला. मग तो तिने हळूहळू खाली आणला. मुलीच्या आईने ते पाहिलं आणि तिला रडू आवरेना. पलीकडे गणवेशांच्या ढिगामागून मावशींनीही पाहिलं होतं. त्यांनी इस्त्री बंद केली, येऊन मुलीसमोर जमिनीवर बसल्या आणि दोन्ही तळवे उताणे करून मांडीवर ठेवले. तसेच, अजिबात न हलवता, मुलगी वर बघेपर्यंत.