मोरीच्या तोंडाशी

“मोरी आम्ही साफ करणार नाही,” साळवे म्हणाले आणि हातातलं फावडं त्यांनी रस्त्याच्या कडेला ठेवलं.

ओहोटी लागली होती. आमचं काम ओहोटीतच चाले. कोपरखैरण्याचा तो नाला रस्त्याखालच्या मोरीतून, म्हणजे सिमेंटच्या रुंद पाइपातून, खाडीला मिळायचा. मोरी तुंबली की पावसाचं पाणी मागे वस्तीत फुगे. आदल्याच आठवड्यात ते साळव्यांच्या बैठ्या चाळीच्या उंबऱ्याला लागलं होतं. मोठा पाऊस अजून यायचा होता.

ऐंशीच्या दशकात मी नव्या वसाहतीत समाजविकास अधिकारी होतो. रविवारी स्वयंसेवक गोळा करणं हा माझ्या नोकरीचाच भाग. कामाचं वाटप मीटिंगमध्ये झालं होतं. फ्लॅटवाल्या सोसायट्यांनी खाडीचा काठ घेतला. मोरी साळव्यांच्या टीमला दिली, कारण ती त्यांच्या चाळीजवळ होती. नकाशावर ते बरोबर दिसत होतं.

पण मोरीच्या वरच्या अंगाला नाल्याकाठी स्मशान होतं. माणूस गेलं की त्याची गादी, उशी, कपडे लोक तिथेच पाण्यात सोडत. ते सगळं वाहत येऊन मोरीच्या तोंडाशी अडकलं होतं.

“घरं तर यांचीच बुडणार,” सोसायटीचे सेक्रेटरी देसाई मला म्हणाले. “मग यांनीच काढायला नको?”

साळव्यांनी ते ऐकलं. ते तुर्भ्याच्या कारखान्यात फिटर होते. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती.

“घर बुडालं तर पुन्हा सारवू, देसाईसाहेब. गावात मढ्यावरचं कापड उचलायचं काम माझ्या आज्याकडं होतं. वडिलांनी ते सोडलं आणि गावही सोडलं. इथं येऊन मी तेच करू?”

“अहो, तसं कोण म्हणतंय?”

“म्हणत कोणीच नाही. वाटपात मात्र बरोबर आमच्याच वाट्याला येतं.”

ओहोटी थांबणार नव्हती. मी चपला काढल्या, पँट दुमडली आणि नाल्यात उतरलो.

“साहेब, तुम्ही कशाला?” देसाई म्हणाले. “परक्या मयताचं सामान…”

“माझ्या घरचंही आहे यात,” मी म्हणालो.

माझी पत्नी आदल्या हिवाळ्यात गेली होती, हे देसाईंना माहीत होतं. समोर तीन-चार गाद्या एकमेकींत अडकल्या होत्या. त्यातली आमची कोणती, हे मी पाहिलं नाही. जी हाताला लागली ती ओढली. भिजलेली गादी हलेना.

“एकट्याला नाही निघायची ती,” साळवे वरून म्हणाले. “देसाईसाहेब, दुसरं टोक धरा.”

“माझी कंबर धरलीये हो.”

“मग बसून धरा.”

रस्त्यावर जमलेली मुलं हसली. देसाईंनी एका हाताने नाक दाबलं, मग दोन्ही हात लागणार हे लक्षात येऊन सोडलं. त्यांच्यामागून सोसायटीचे आणखी चौघे उतरले. शेवटची गादी काठावर आली तेव्हा साळव्यांनी फावडं उचललं. खालचा गाळ त्यांच्या टीमने काढला. कपड्याला त्यांनी हात लावला नाही, आणि कोणी लावा म्हटलंही नाही. भरती चढायच्या आत मोरी मोकळी झाली.

त्या पावसाळ्यात पाणी चाळीच्या पायरीपर्यंत येई आणि ओहोटीबरोबर उतरून जाई.

पुढे मी वाटपाच्या मीटिंगमध्ये नकाशा सर्वांत शेवटी उघडायचो. आधी विचारायचो, कोणाला कोणतं काम द्यायचं नाही. मीटिंग लांबायची. रविवारचं काम मात्र वेळेवर सुरू व्हायचं.