थांबते, पण सुटत नाही

लिंडसे ट्रेम्बाथने पुढच्या उजव्या चाकाच्या मध्यावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटापासून शेजारच्या कडीनाच्या वेशीपर्यंत फक्त सतरा किलोमीटर झाले होते, तेही रमतगमत, आणि चाक नुसतं पोळत होतं. डावंही तसंच. मागची दोन्ही थंडगार. जवाच्या शेताला लागून गाडी उभी करून त्याने चारही चाकं पुन्हा चाचपली. उत्तर तेच आलं. गाडी थांबत होती, अगदी झकास थांबत होती. पाय काढल्यावर मात्र ब्रेक पुरता सुटत नव्हता.

ही चौथी फेरी होती आणि चारही फेऱ्यांत हेच झालं होतं.

गाडी १९६४ची होल्डन, फिकट हिरवी, छप्पर पांढरं. लिंडसेने ती १९७४ साली एका विधवेकडून घेतली. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि ड्रम ब्रेक हा तर लिंडसेचा प्रांत. मूंटातल्या एका गॅरेजात त्याने एकेचाळीस वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी ब्रेकखाली झोपून. गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते म्हटलं की गावातले लोक ती सरळ त्याच्याकडे आणून सोडत. निवृत्त झाल्यावरही आणत.

सप्टेंबरात महामार्गावर पुढचा धान्याचा ट्रक अचानक थांबला. लिंडसेने ब्रेक दाबला तशी ड्रमांनी गाडी डावीकडे ओढली आणि ती अर्धी खडीत जाऊन थांबली. कोणाला काही लागलं नाही. पण शेजारी बायको कोरल बसली होती आणि तिने संध्याकाळी ॲडिलेडला मुलीला फोन करून सगळं सांगितलं. मुलगी म्हणाली, "बाबा, एक तर पुढे डिस्क ब्रेक बसवा, नाही तर ती गाडी विका." लिंडसेने डिस्क बसवायचं ठरवलं.

एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे पडलेल्या, दोन वर्षांनी नव्या होल्डनचा पुढचा सगळा सांगाडा त्याने डिस्कसकट उचलून आणला. डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारे कॅलिपर उघडून साफ केले, रबरं बदलली, नळ्या नव्या घातल्या. ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलेंडर जुनाच ठेवला, पण त्याचीही नवी रबरं आणून तो स्वतः बांधला. तीन आठवडे लागले. हे काम त्याने याआधी कधी केलं नव्हतं, पण यात न कळण्यासारखं काय आहे, असं त्याला वाटलं होतं.

गाडी जरा थंड झाल्यावर तो हळूहळू घरी आला. दारात डेस पेनबर्थी कागदी पिशवीतून पास्टी, म्हणजे खिम्याची मोठी करंजी, खात उभा होता. पन्नास वर्षांपासूनचा मित्र, जुन्या गाड्यांच्या क्लबातला सोबती, आणि मत मागायच्या आधी मत देणारा.

"तापली?"

"तापली."

"मी सांगतो, पेडलचा दांडा लांब आहे. पाय काढला तरी तो थोडा दाबूनच धरतोय."

"मोजला. दोनदा मोजला. पेडल मोकळं आहे."

"मग नळ्या. आतून फुगल्या असतील."

"नव्या आहेत, डेस."

"नवीन माल म्हणजे तर बघायलाच नको."

लिंडसेने बॉनेट उघडलं. मंगळवारी त्याने कॅलिपर पुन्हा उघडले होते. पिस्टन बोटाने आत सरकत होते. आज सकाळी चाकांचे बेअरिंग तपासले. जे जे बघावं ते बरोबर निघत होतं, आणि सगळं बरोबर असूनही गाडी चुकीची होती. एकेचाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्याला गाडीपेक्षा स्वतःचीच शंका यायला लागली होती.

शंकेला कारण होतं. मे महिन्यात गॅस चालू ठेवून तो जेट्टीवर खेकडे धरायला गेला होता. एकदा कोरलला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. आणि ऑगस्टात तो पंचाहत्तर वर्षांचा झाल्यावर गाडी चालवण्याच्या परवान्याचा फॉर्म घरी आला होता. त्यात तब्येतीचं आपलं आपणच लिहायचं होतं: डॉक्टरांनी बघावं असं काही आहे का, हो की नाही. फॉर्म शुक्रवारपर्यंत पाठवायचा होता. कोरलच्या डोळ्यांमुळे तिने गाडी चालवणं कधीच सोडलं होतं. लिंडसेचा परवाना गेला तर दोघांना मूंटा सोडून मुलीकडे जावं लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. बोललं कोणीच नव्हतं.

"'नाही' लिहून टाक," डेस म्हणाला. "मी तेच केलं. आणि मी तर तुझ्यापेक्षा येडा आहे."

"ते सगळ्या गावाला माहीत आहे. माझं मलाच कळत नाहीये."

गुरुवारी सकाळी लिंडसेने ठरवलं, ही गाडी आपली नाहीच असं समजायचं. कोणीतरी गिऱ्हाईक सोडून गेलंय. त्याने पुढची बाजू जॅकवर चढवली आणि वहीत तारीख घातली. पेडल दाबून सोडलं. चाक हाताने फिरेना. कॅलिपरवरचं हवा काढायचं निपल उघडलं, तेलाची बारीक पिचकारी उडाली आणि चाक मोकळं झालं. म्हणजे तेल अडकून दाब धरत होतं. निपल बंद करून पुन्हा पेडल दाबलं, सोडलं. या वेळी मास्टर सिलेंडरपाशी नळी सैल केली. चाक पुन्हा मोकळं. म्हणजे नळ्या निर्दोष, कॅलिपर निर्दोष. अडवणारा सिलेंडरच होता.

सिलेंडर काढून त्याने टेबलावर उघडला. पिस्टन आला, स्प्रिंग आली आणि सगळ्यात शेवटी, तळाशी नीट बसवलेला, नवाकोरा छोटा व्हॉल्व्ह.

लिंडसे स्टुलावर बसला.

ड्रम ब्रेकमध्ये हा व्हॉल्व्ह लागतोच. पाय काढल्यावरही तो नळीत थोडा दाब राखून ठेवतो, म्हणजे चाकाजवळच्या रबरांतून हवा आत शिरत नाही. ड्रममध्ये तेवढ्या दाबाने बिघडत नाही, कारण तिथे जोरकस स्प्रिंगा ड्रमला घासणारे शू मागे ओढतात. डिस्कला तशा स्प्रिंगा नसतात. तेवढा दाबही डिस्कवर पॅड घासत ठेवायला पुरतो. म्हणून डिस्क बसवताना हा व्हॉल्व्ह काढून टाकायचा. हे लिंडसेला ठाऊक होतं. क्लबाच्या माहितीपत्रकात ते वाक्य होतं आणि त्याखाली पेन्सिलीची रेघ होती. रेघ त्याच्याच हातची.

डेस आला तेव्हा व्हॉल्व्ह आणि माहितीपत्रक शेजारी शेजारी ठेवलेलं होतं. त्याने दोन्ही पाहिलं आणि पोट धरून हसला.

"गॅरेजात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला तू काय सांगायचास? हा व्हॉल्व्ह विसरलात तर घरी पाठवीन. चाळीस वर्षं ऐकलंय ते आम्ही. अरे, तू विसरला नाहीस लिंडसे. जरा जास्तच लक्षात ठेवलंस."

"मला तो बसवल्याचं आठवत नाही."

"मला तरी सकाळी बूट घातल्याचं कुठे आठवतं? पायात आहेत ना."

"पण त्याच्या आदल्याच दिवशी मी ही रेघ मारलीय."

डेसने माहितीपत्रक मिटलं. तो पास्टी आणायला गेला.

लिंडसेने व्हॉल्व्ह काढून सिलेंडर पुन्हा बांधला. मागे ड्रमच होते, म्हणून फक्त मागच्या नळीवर तसा एक वेगळा व्हॉल्व्ह जोडला. मग नळ्यांतली हवा काढायला कोरलला पेडलपाशी बसवलं. हे काम तिने तरुणपणापासून केलं होतं.

"दाब. धर."

"धरलंय."

"सोड."

"तुला हसू आलं का तो व्हॉल्व्ह बघून?" तिने आतून विचारलं.

"डेसला आलं."

"मी तुला विचारतेय."

निपल आवळून लिंडसे गाडीखालून म्हणाला, "अर्धं."

दुपारी दोघं शेजारच्या वॉलरू गावापर्यंत जाऊन आली. मोकळा रस्ता पाहून लिंडसेने दोनदा जोरात ब्रेक मारला. गाडी नाकासमोर सरळ थांबली, आणि पाय काढताच सुटली. परत येऊन त्याने चारही चाकांवर हात ठेवला. पुढची कोमट होती. ती तशीच असायला हवी होती.

चहानंतर फॉर्म टेबलावर आला. कोरलला अक्षरं दिसत नव्हती, म्हणून त्याने प्रश्न मोठ्याने वाचला आणि "हो"च्या चौकोनात खूण केली.

"तुला खरंच तसं वाटतं?" कोरल म्हणाली.

"मला कळत नाहीये. कळत नसताना 'नाही' कसं लिहू?"

"आणि डॉक्टरांना काय सांगणार?"

"हेच. व्हॉल्व्ह घेऊन जाईन."

"त्यांना काय कळणार त्यातलं?"

"समजावून सांगेन," लिंडसे म्हणाला आणि खाली सही केली. मग त्याने कॅलेंडरवर तारीख बघितली आणि ती सहीशेजारी लिहिली.