ओढ्याला कुंपण

आमच्या इथं कोणी क्रीक म्हटलं की आई ताबडतोब म्हणायची, "क्रीक-बिक काही नाही, ओढाच आहे हा." डॅलसच्या बाहेर, गाई चरतात त्या कुरणातल्या तळ्यातून तो निघतो. रस्त्याखालच्या मोरीतून इकडे येतो, आमच्या अपार्टमेंटमागच्या पांढऱ्या खडकावर पसरतो, पेकानच्या झाडांखालून वळून देवळामागून जातो आणि हायवेखाली गडप होतो. पुढे म्हणे मोठ्या नदीला मिळतो. उन्हाळ्यात पाणी जेमतेम घोट्याएवढं. पण कासवं असायची, एखादा बगळा असायचा, आणि काठानं मातीची पायवाट होती.

ती पायवाट म्हणजे माझ्या आईची अख्खी अमेरिका. ती कऱ्हाडहून सहा महिन्यांसाठी आलेली. गाडी चालवता येत नाही, इंग्रजी येत नाही, आमच्या रस्त्याला फुटपाथ नाही, आणि मी दिवसभर कॉलवर. घराबाहेर पायानं जाता येईल अशी तिला तेवढी एकच जागा. सकाळी साडीवर माझे जुने स्पोर्ट्स शूज चढवून ती देवळापर्यंत जायची, वाटेत इतरांच्या आयांना गोळा करायची आणि येताना रग्गड बातम्या घेऊन यायची.

मग पलीकडच्या काठावर बंगल्यांची कॉलनी झाली. त्या लोकांनी सिटीकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, अर्ज टाकला की अनोळखी माणसं आमच्या अंगणांमागून हिंडतात, वाट बंद करा, कुंपण घाला. अनोळखी! अरे, तुमची कुत्री माझ्या आईला बघून शेपट्या हलवतात! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अपार्टमेंटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर रणच माजलं. "हा सरळसरळ रेसिझम आहे यार", "मी जाऊन सुनावतोच". सिटी हॉलमधल्या सुनावणीला येतो म्हणून जो तो अंगठे आणि मुठी पाठवायला लागला. आमच्याच बिल्डिंगमधल्या, मूळ पुण्याच्या एका काकांनी कोणी काय बोलायचं त्याचे मुद्देही काढून दिले. मी भाबडी, मला वाटलं, झालं आता काम.

सुनावणीच्या संध्याकाळी मी एकटी. एकटी! कोणाचा कॉल निघाला, कोणाच्या मुलीचा पियानो क्लास. मुद्दे काढणाऱ्या काकांनी तर फोन करून मलाच शहाणपण शिकवलं, "अगं, आपण व्हिसावरची माणसं. माइकवर नाव सांगितलं की रेकॉर्डवर येणार. कशाला नसती आफत?" अहो काका, माझ्या खिशात काय ग्रीन कार्ड आहे होय? माझीही फाइल इमिग्रेशनमध्येच धूळ खातेय! बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि ऐन वेळी सगळे मूग गिळून घरात.

गेले माइकपुढे. नाव सांगितलं आणि बोलले. सुनावणी घेणाऱ्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती कुटुंबं ही वाट वापरतात?" मी म्हटलं, "पुष्कळ. आमच्या सगळ्या बिल्डिंग्ज." त्यांनी माझ्या मागच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. बंगलेवाले झाडून सगळे आले होते, पोराबाळांसकट. त्यांच्या मनासारखं झालं. त्यांचा राग येतोच, पण आमच्या शेळपटांचा त्याहून जास्त येतो. ते निदान आले तरी!

काळ्या लोखंडी गजांचं कुंपण उभं राहिलं. ग्रुपवर "सो सॅड" आणि रडके चेहरे. मी ग्रुपच सोडला.

आई बाल्कनीत खुर्ची टाकून बसायला लागली. तिथून ओढा दिसत नाही, पार्किंग दिसतं. मी म्हटलं, "शनिवारी पार्कात नेते ना तुला." ती नुसती हं म्हणाली.

एका दुपारी मी कॉलवर असताना ती खोलीत आली. असं ती कधी करत नाही. मी म्यूट केलं.

"माझं तिकीट अलीकडच्या तारखेचं मिळतंय का बघ."

"आई, अगं..."

"तू भांडलीस, मला माहीत आहे. तुझ्यावर राग नाही बाई. पण कोंडून राहायला एवढ्या लांब कशाला येऊ मी?"

मी तिकीट बदललं.