ड्रॉवरमधला फोन

मॅडम गेल्याचा फोन मी उचलला नाही. त्या सकाळी, मी शिकवते त्या धारच्या कॉलेजात, तक्रार घेऊन आलेली एक मुलगी माझ्यासमोर बसून बोलत होती आणि माझा फोन आवाज बंद करून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेला होता. दीड तासाने ती उठून गेली. मी ड्रॉवर उघडला, तर देवासहून सात मिस्ड कॉल. सगळे वसुधा मॅडमच्या मुलीचे, रमाताईचे. मी उलट फोन लावला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आई गेली गं. पहाटे, झोपेतच." इंदूरला बस बदलून मी पोचले, तोवर सगळे स्मशानातून परतले होते. मॅडमचं शेवटचं दर्शन मला झालं नाही. दारातच मी रमाताईला सांगितलं की फोन ड्रॉवरमध्ये होता. ती रडता रडता हसली. "मग ठीक आहे. उचलला असतास तर आई रागावली असती."

त्याला आता पाच आठवडे झाले. ड्रॉवरची ही सवय मला कुठून लागली, ते सांगायचं आहे.

माझे बाबा धार जिल्ह्यातल्या मनावर गावी शिलाईचं काम करतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. देवासला आत्याकडे राहून मी बी.एस्सी. करत होते आणि वसुधा मॅडम आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. सगळं शिक्षण हिंदीतून झालेलं, त्यामुळे माझ्या घरगुती मराठीत निम्मी हिंदी असायची. मॅडम म्हणायच्या, "तुझं मराठी म्हणजे सेव-परमल आहे, प्रीती, शेव-मुरमुऱ्यांची मिसळ. चविष्ट आहे, पण शेव कुठे संपते नि परमल कुठे सुरू होतो, कळत नाही." वर्गात सगळे हसायचे, मीही हसायचे. आपल्या घरी बोलावून मात्र त्या मला मराठी पुस्तकं द्यायच्या आणि दोन पानं मोठ्याने वाचून घ्यायच्या. आज हे लिहिते आहे, ते त्या दोन-दोन पानांच्या जोरावर.

तिसऱ्या वर्षी प्रॅक्टिकल घेणारे एक सर मला मेसेज पाठवायला लागले. आधी अभ्यासाचे, मग तसले... मी उत्तर देईना, तेव्हा एकदा प्रयोगशाळेत जवळ येऊन हळूच म्हणाले, प्रॅक्टिकलचे मार्क माझ्या हातात आहेत, लक्षात ठेव. मला त्यांची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती मनावरला परत नेलं जाण्याची होती. बाबांनी नातेवाइकांची बोलणी खाऊन मला देवासला धाडलं होतं. कॉलेजातून घरी एक फोन गेला असता, तर दुसऱ्या दिवशी माझी पेटी बसच्या टपावर चढली असती आणि परीक्षा तशीच राहिली असती. आठ दिवस मी गप्प राहिले. मॅडम कॉलेजच्या तक्रार समितीच्या अध्यक्ष होत्या, म्हणून शेवटी त्यांच्या खोलीत गेले आणि उभ्या-उभ्याच म्हणाले, "मॅडम, घरी फोन नका करू."

काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही. टेबलावरचा फोन उचलला, ड्रॉवर उघडून आत ठेवला आणि ड्रॉवर लावला. "हा बघ, गेला आत. घरी सांगायचं की नाही, कधी सांगायचं, ते तू ठरवशील. आता बस नि बोल."

मी बोलले. मेसेज पुसू नकोस, म्हणाल्या. तक्रार मी माझ्या शब्दांत लिहिली. पुढचा प्रत्येक कागद त्यांनी आधी मला समजावला, मग सही मागितली. चौकशी होईपर्यंत त्या सरांना प्रॅक्टिकलपासून दूर ठेवलं आणि माझी परीक्षा बाहेरच्या परीक्षकांनी घेतली. कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी तक्रार करणारी म्हणून कॉरिडॉरमध्ये मला 'नेताजी' चिडवणारे निघालेच. चौकशीत तक्रार खरी ठरली आणि सरांची नोकरी गेली.

परीक्षेचा निकाल लागल्यावर मनावरला गेले आणि बाबांच्या मशीनशेजारी बसून सगळं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं. "मॅडमनी मला का नाही कळवलं?" मी म्हटलं, मीच नको म्हणाले होते. बराच वेळ ते सुईत दोरा ओवत राहिले. मग म्हणाले, "बरं केलं. मी तुला घेऊन आलो असतो."

हे मी मॅडमना सांगितलं, तेव्हा त्यांनी तोच ड्रॉवर उघडून एक जुनं ओळखपत्र काढलं. नाव आणि फोटो, दोन्हींवर कागद चिकटवलेला. माझ्या आधी देवासजवळच्या सोनकच्छची एक मुलगी त्यांच्याकडे अशीच आली होती. तेव्हा तक्रार समित्यांसाठीचं विद्यापीठाचं प्रशिक्षण म्हणजे सही करायची आणि कचोरी खायची, असं मॅडमसुद्धा समजत. वडीलधाऱ्यांना कळवणं आपलं कर्तव्य, असं वाटून त्यांनी चांगल्या मनाने मुलीच्या घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी वडील येऊन तिला घेऊन गेले. ओळखपत्र टेबलावरच राहिलं. ते द्यायला मॅडम दोनदा सोनकच्छला गेल्या. पहिल्यांदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा मुलगी भेटली, पण तिचं लग्न ठरलं होतं. मॅडमनी माफी मागितली. तिने चहा दिला आणि कार्ड परत त्यांच्या हातात ठेवलं. "ये आप ही रखो मैडम. अब किसी के घर फोन मत करना." तिने माफ केलं की नाही, मॅडमना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर मॅडम विद्यापीठाच्या प्रत्येक प्रशिक्षणाची सुरुवात त्या कार्डाने करायच्या. एम.एस्सी. झाल्यावर मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागले. प्राध्यापकांच्या एका बैठकीत एक ज्येष्ठ सर चिडले, स्वतःची चूक चारचौघांत कशाला सांगता म्हणून. मॅडम म्हणाल्या, "मी माझी सांगितली, तर तुम्ही तीच करणार नाही. नवीन कराल." हशा झाला आणि मग लोक खरोखर बोलू लागले. विद्यार्थ्यांतही त्यांचा सूर तोच. एका मुलाने टोमणा मारला, "तो अब लड़कियों से बात भी न करें, मैडम?" त्या इंदुरी ढंगात म्हणाल्या, "करो ना भिया. 'नहीं' बोले, तो वो भी बात ही है. उतनी सुन लिया करो." जातीवरून वसतिगृहात चिडवला जाणारा एक मुलगा त्यांच्याकडे आला, ही समिती मुलांसाठीही आहे का विचारत. त्यांनी त्याच्यासाठीही फोन आत ठेवला. त्याची तक्रार दुसऱ्या समितीकडे जायची होती. तिथे त्या स्वतः त्याच्याबरोबर गेल्या.

तेराव्यानंतर रमाताईने मला ते ओळखपत्र दिलं. निवृत्तीनंतर मॅडमनी ते घरच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. आता ते धारला माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्या सकाळी परीक्षा सोडून घरी जायचं म्हणणारी ती मुलगी परवा पुन्हा आली. बसण्याआधी तिची नजर ड्रॉवरकडे गेली. मी फोन आत ठेवला, कार्डावरच, आणि ड्रॉवर लावला. मग तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे सरकवला. तिने परीक्षेचा फॉर्म भरला होता.