खोटा काटा आणि चौगुले काकींची गिरणी

“काकी, जरा गिरणी बंद करता का? टेस्ट लावायचीय!”

मी जिन्यातून ओरडलो. खाली पट्ट्याची फटफट थांबली आणि पाठोपाठ चौगुले काकींचा आवाज आला, “लाव बाबा लवकर! हितं बायका डबं घिऊन खोळंबल्यात. तुझा कॉम्प्युटर हाय का बाळंतीण? जरा म्हणून आवाज सोसंना झालाय!”

सांगलीत काकींच्या पिठाच्या गिरणीवर, पहिल्या मजल्यावर आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. कंपनी म्हणजे महाजनी साहेब, मी आणि दोन कॉम्प्युटर. नव्वदचं दशक संपत आलं होतं. प्रोग्रामिंगची जावा ही भाषा नवीन होती आणि ती मला येते, असं मी साहेबांना पटवलं होतं. काम होतं कराडकडच्या एका साखर कारखान्याचं. उसाची ट्रॉली वजनकाट्यावर चढली की वजन थेट कॉम्प्युटरमध्ये उतरायला हवं.

आता खरा काटा काही जिन्यानं वर आणता येत नाही. म्हणून मी जावातच एक खोटा काटा लिहिला. त्याला ‘चार टन ठेव’ म्हटलं की तो चार टन दाखवायचा. तो पुढे करून मूळ प्रोग्रामच्या छोट्या छोट्या टेस्ट घ्यायच्या. हल्ली याला मॉक ऑब्जेक्ट म्हणतात आणि तो करायला तयार साधनं मिळतात. आम्हाला खोटेपणासुद्धा हातानं करावा लागायचा.

अडचण अशी, की रिकाम्या काट्याची टेस्ट कधी पास व्हायची, कधी फेल. काटा रिकामा असताना वजन शून्य यावं, एवढीच तिची अपेक्षा. कोडमधलं एक अक्षर न बदलता सकाळी पास, चहा पिऊन आलो की फेल. नेहमी फेल होणारी टेस्ट बरी. अधूनमधून फेल होणारी टेस्ट माणसाला अंगारे-धुपाऱ्यांकडे नेते.

माझा टेस्ट प्रोग्राम फक्त ‘पास’ किंवा ‘फेल’ छापायचा. काटा नेमकं किती दाखवतोय, हे छापायची तसदी मी घेतली नव्हती. त्याऐवजी मी शोध लावला, की गिरणी चालू असली की व्होल्टेज पडतं आणि कॉम्प्युटर गडबडतो. गिरणी बंद करून बघितलं. पास! पुन्हा लावलं. पुन्हा पास! मी साहेबांना व्होल्टेजवर व्याख्यान दिलं. साहेबांनी काकींना गळ घातली. त्या दिवसापासून गल्लीतली कणिक माझ्या जावावर अवलंबून राहिली.

हंगाम तोंडावर आला आणि डेमोचा दिवस उजाडला. कंपनीकडे दुसरं काम नव्हतं. साहेब म्हणाले, “विलास, हे काम गेलं तर मी कंपनीला कुलूप लावतो आणि तू गावाकडे उसाला पाणी लाव.”

कारखान्याकडून ऊस यार्डाचे मुख्य आले. सुभेदार शिंदे, फौजेतून रिटायर झालेले. गिरणी बंद, बायका रांगेत, मी बटण दाबलं.

फेल.

पुन्हा दाबलं. पास. पुन्हा. फेल.

“हे काय रं?” सुभेदार म्हणाले. “आमच्याकडं लाईट बी एवढी ये-जा करत न्हाई.”

मी घाईनं म्हणालो, “साहेब, हा खरा काटा नाही. आपला खोटा आहे.”

“खोटा?” सुभेदार खुर्चीत पुढे सरकले. “गड्या, काटा खरा हाय म्हणून शेतकऱ्यांना सांगून आमची तोंडं दुखली, आन् तू पैल्याच दिवशी कबूल करतोस व्हय?”

महाजनी साहेबांनी डोळे मिटून घेतले.

“गाव कंचं तुझं?”

“मलकापूरजवळ. घरी ऊसच आहे.”

“मग ट्रॉली काट्यावर चढवायच्या आदी काय करतोस?”

“आधी झिरो दाखव म्हणून ओरडतो,” तोंडातून आपोआप निघालं आणि मी कीबोर्ड पुढे ओढला.

आमच्याकडे रिकाम्या काट्यावर शून्य बघितल्याशिवाय कोणी ट्रॉली चढवत नाही. दुसऱ्याच्या काट्यापुढे मी घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. माझा स्वतःचा काटा मात्र देवमाणूस होता!

मी एक ओळ वाढवली. टेस्ट सुरू होण्याआधी काटा काय दाखवतोय ते छाप. छापून आलं, चार टन. ट्रॉली नाही, ऊस नाही आणि चार टन.

झालं होतं असं. सगळ्या टेस्टना मिळून मी एकच खोटा काटा ठेवला होता. भरल्या ट्रॉलीची टेस्ट त्याच्यावर चार टन ठेवायची आणि न उतरवता निघून जायची. टेस्टचा क्रमही मी ठरवला नव्हता. पिशवीत हात घालून चिठ्ठ्या काढाव्यात तसा तो दरवेळी वेगळा यायचा. भरली ट्रॉली आधी आली की रिकाम्या काट्याची टेस्ट फेल, नंतर आली की पास. मूळ प्रोग्राम बिचारा निर्दोष होता. व्होल्टेजही. गिरणी बंद असताना दोनदा पास झाली, तो निव्वळ योगायोग.

प्रत्येक टेस्टला नवा काटा दिला. पास. पुन्हा पास.

साहेब स्वतः जिन्यात गेले. “काकी, लावा गिरणी!”

पट्टा फटफटला, टेबल थरथरायला लागलं. मी बटण दाबत राहिलो. पास, पास, पास.

सुभेदार उठले. “काम तुमचं. पर एक अट. झिरो बघितल्याबिगर तुझ्या प्रोग्रामनं वजनच घ्यायचं न्हाई.”

ती अट मी कोडमध्ये घातली आणि कारखान्याला तीच सगळ्यात जास्त आवडली. तेव्हापासून टेस्ट फेल झाली की मी आधी स्वतः लिहिलेल्या खोट्या वस्तूवर संशय घेतो. विजेवर नंतर.

काकींना व्होल्टेजचं सत्य कधी सांगावं, याचा मी रात्रभर विचार करत होतो. पण जिन्यातून आवाज दोन्ही बाजूंनी जातो. दुसऱ्याच दिवशी सकाळी, पट्टा चढवण्याआधी, भरल्या रांगेसमोर त्या वर बघून ओरडल्या, “इलास, झिरो हाय का रं? का ठिवू बंद?”