शीतलला पुलावर कोणी ठेवलं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि तिच्यापासून माझं तसं काही लपत नाही — बाहेर कोणाशी वाजलं तरी घरी आल्यावर चेहऱ्यावरून ओळखते. हे मात्र तिला कळलं नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही भागवतला ओळखत नाही, म्हणून असेल.

गोष्ट एका कॉम्प्युटर गेमची आहे. हसा खुशाल. मीही बरीच वर्षं हसण्यावारीच नेली.

शिरूर कासारला आमचं झेरॉक्सचं दुकान. दुपारी वडील जेवून आडवे झाले की मागच्या खोलीतला कॉम्प्युटर माझा आणि भागवतचा. भागवत माझा लहानपणापासूनचा दोस्त. दसरा-दिवाळीला तो आई-बापासोबत ऊस तोडायला जायचा, उन्हाळ्यात परत यायचा. त्यात शाळा सुटली ती सातवीतच. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं.

एका वर्षी तो परत आला तो बहिणीला तिकडंच ठेवून. शीतल. आमच्यापेक्षा थोडी लहान, जीभ भलती तिखट. उसाच्या फडात तिला ताप भरला. दवाखान्यात न्या म्हटलं तर मुकादम म्हणाला, आधी गाडी भरू द्या. गाडी भरली, पोरगी गेली. मग मुकादमानं सगळ्यांना सांगितलं की इलाजच नव्हता, कोणाच्या हातात काही नव्हतं. भागवतला ते पटलं नव्हतं. तो एकच वाक्य धरून बसला होता — “नेलं आसतं तर जगली आसती बे.” त्या मुकादमाच्या टोळीत आता पाऊल टाकणार नाही, चार माणसांत त्याला जाब विचारणार, असं तो रोज म्हणायचा. आणि तो विचारणार होता. मला खात्री होती.

त्याला जरा बरं वाटावं म्हणून मी गेम लावला. बघा, सुरुवात चांगलीच होती.

चार जणांना घेऊन खेळायचा गेम. मुलूख तुडवत जायचं, लढाई आली की एकेकाची पाळी, कोणी वार करायचा, कोणी जखमा बांधायच्या. मधेमधे गोष्ट यायची, सगळी इंग्रजीत. ती मी वाचायचो आणि तिखट-मीठ लावून भागवतला सांगायचो. मजा यायची मला. माझ्या तोंडून निघेल तेच त्याच्यासाठी खरं!

भागवत त्या चौघांना टोळीच म्हणायचा. चौघांतल्या एकीला त्यानं शीतलचं नाव दिलं. हातात गोफण दिली, कारण ज्वारीवरची पाखरं हाकायला शीतलसारखी गोफण गावात कोणाची नव्हती. गेममध्ये मात्र गोफण म्हणजे अगदीच कुचकामी हत्यार. मी कुरकुर करायचो. माझ्या नावाचा गडी होता, पोलादी चिलखतातला, त्याची तलवार मिळवायला आख्खा वैशाख गेला होता. भागवतला त्याचं काही नव्हतं. लढाई कशीही होवो, तो आधी शीतलकडं बघायचा. तिला लागलं की पहिलं औषध तिला. मागं कोणाला सोडायचं नाही, हा त्याचा नियम.

आणि मग पूल आला.

सांगतो. टाळत नाहीये — की टाळतोय?

मागं शत्रूची फौज, पुढं अरुंद पूल. एकानं थांबून पूल अडवायचा, तिघांनी पार व्हायचं. थांबेल तो परत येणार नाही. आणि खाली चार नावं. निवडा, एवढंच लिहिलं होतं. भागवत माझ्या खांद्याला खांदा लावून बसलेला. “काय लिवलंय बे?”

मी काय विचार केला? फार लांबचा नाही केला. माझा गडी गेला तर तलवार जाणार, पुढच्या लढाया कशा जिंकायच्या? गोफणवालीचा तसाही उपयोग नव्हता. मी शीतलच्या नावावर दाबलं. आणि त्याला म्हणालो, “गेमच तिला ठिवतोय. हितं आपल्याला निवडायला काय न्हाई.”

ती गोफण फिरवत एकटी उभी राहिली. आम्ही पार झालो. माऊस अजून माझ्या मुठीत होता.

भागवत रडला नाही. रडला असता तर मी बोललो असतो का? माहीत नाही. पडद्याकडं बघतच म्हणाला, “मंजे हितंबी कुनाच्या हातात न्हवतं.” आणि मग, “मुकादमबी हेच म्हनत हुता. मंग खरंच आसंल.”

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण चिडेल, उठून जाईल — तेवढ्या भीतीनं मी गप्प बसलो. तलवारीसाठी खोटं बोललो आणि भीतीपोटी ते जपलं.

त्या दिवसापासून त्याचा राग विझला. जाब विचारायचं त्यानं पुन्हा काढलं नाही. दसऱ्याला तो त्याच मुकादमाच्या टोळीत गेला. लग्न झालं, मग बायकोसोबत जाऊ लागला. तो गेम मी पूर्ण केला, एकट्यानं, त्याच तलवारीनं. शेवटी काय झालं ते आठवत नाही. पूल आठवतो. दुकानात मशीनचा उजेड काचेखालून सरकतो ना, तेव्हाही आठवतो.

यंदा टोळी निघायच्या आदल्या दिवशी भागवत मुलीला घेऊन दुकानात आला. चार-पाच वर्षांची असेल. तिला काउंटरवर बसवून तो आत्याची गोष्ट सांगत होता. त्याच्या गोष्टीत फड आणि पूल आता एकच झालेत. आत्या थांबली म्हणून बाकीचे वाचले. कुनाच्याच हातात न्हवतं. “इचार काकाला,” तो म्हणाला, “त्यानं सोता वाचलंय.”

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. “व्हय काका?”

“व्हय,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोरून ट्रक गेला, त्याच मुकादमाचा. पोरगी आईच्या मांडीवर बसली होती. तिनं मला ओळखलं आणि हात हलवला.